निधान

डिसेंबरातली सकाळ. कॅम्पातल्या मैदानावर धुकं,
पलीकडे रेजिमेंटचं बिगुल वाजून गेलेलं.
सिद्राय मुचंडीकर माझ्यापुढचा बॉल उचलतो
आणि स्वतःच्या खिशात टाकतो.
"महिनाभर हा न्हाई. पयलं रिकामं फिरवा."

जावयाची बदली तेजपूरला झाली
तेव्हा त्याची काठ्यांची पिशवी आमच्या अनगोळच्या घरी राहिली.
मी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं काढलेला माणूस.
वाटलं, बॉल तर जागेवर उभा असतो,
त्याला मारायला काय एवढं.
पहिल्या दिवशी चौदा बॉल उजवीकडच्या नीलगिरीत गेले.
पंधरावा हललाच नाही.

सिद्राय हसला नाही. माझी मूठ उघडली,
बोटं एकेक करून परत मांडली.
"रविवारपेठेच्या गर्दीत नातवाचं मनगट धरतासा नव्हं?
सुटू नये, आणि पोरगं रडूबी नये.
तेवढंच."

मग पाय. मग गुडघे, बसायच्या बेतात, पण बसायचं नाही.
मग गवतावर आडवी काठी ठेवून:
"तुमाला वाटतंय झेंड्याकडं बघतोय.
खांदं बघा की, नीलगिरीकडं निघालेत."
काठी मागे न्यायची ती जमिनीलगत,
म्हैस वळते तशी, अंगासकट;
डोकं मात्र जाग्यावर.
अशी म्हैस मी पाहिलेली नाही, पण वळलो.

"निधान," तो म्हणायचा. "निधान, साहेब."
(साहेब मला कुणी म्हटलं नव्हतं आजवर.)
कानडीत निधान म्हणजे सावकाश.
मराठीत, पुरून ठेवलेलं धन.
याच गावात जन्मलो, दोन्ही अर्थ मला पाठ;
हातांना एकही ठाऊक नव्हता.
वर गेले की तिथून पळत सुटायचे,
पाचचा भोंगा झाल्यासारखे.

जानेवारीत एका बुधवारी,
का कुणास ठाऊक, लॅडल आठवलं.
रस साच्यात ओतताना मध्येच थांबलं
तर आत सांधा पडतो, वरून दिसतही नाही.
घाई केली तर वाळू खचते.
एकच धार, शेवटपर्यंत तोच कल,
कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही.
मुकादम बसवाणी मागे उभा राहून
रसाकडे कधीच बघायचा नाही,
माझ्या खांद्याकडे बघायचा.

सिद्रायनं खिशातून बॉल काढून समोर ठेवला, न बोलता.
मी काठी मागे नेली,
वर तिला श्वासभर टेकू दिलं,
आणि ओतली.

बॉल कुठे गेला ते पाहिलं नाही.
तो होता ती जागा बघत राहिलो:
तिच्यापुढे चार बोटांवर गवताचा टवका उडालेला,
खाली तांबडी माती, ओलसर.
"आता तसंच थांबा. बेंबी झेंड्याकडं. फोटू काढल्यागत."
मी थांबलो. डाव्या पायावर सगळा मी,
उजवी टाच हवेत, पासष्टाव्या वर्षी.

"ओंदु," सिद्राय म्हणाला.
माझ्याशी तो मराठीत बोलतो;
चांगले बॉल कानडीत मोजतो.
"परत तोच."

परत तोच. अडतं ते इथंच.
फाउंड्रीतही पहिला नग कुणीही बरा काढायचा,
पगार मिळायचा तो चारशेव्याचा.
दुसरा बॉल गेला नीलगिरीत,
पानांत खडखडला, कावळे उठले.
"ह्यो तुमचा," सिद्राय म्हणाला, मराठीत.

घरी बायको म्हणते, व्हरांड्यात छत्री फिरवू नका.
शेवंतीची कुंडी गेली, आता कढीपत्ता तरी ठेवा.

आज वीस बॉलांत तो "आरु"पर्यंत पोचला.
मला वाटलं, काहीतरी म्हणेल.
त्यानं सात नंबरचं आयर्न फडक्यानं पुसलं,
पिशवीत सारलं,
माझ्या तळव्यावरच्या नव्या घट्ट्यावर अंगठा दाबून बघितला
आणि म्हणाला,
"लई आवळतासा अजून. उद्या ग्रिपपास्नं."